मोठ्या सुट्टीतला चढ

रवि. १२ जाने. २००३

जुईचा रिपोर्ट आला. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, १०.८ टक्के. वैजू असताना शेवटची ७.४ होती.

डॉ. हालांनी कागद बघितला. इजिप्तच्या आहेत, हळू बोलतात, इंग्लिश सोपं. म्हणाल्या, तुम्ही सांगता ते रोजचे आकडे आणि हा आकडा एकाच मुलीचे वाटत नाहीत. मी म्हटलं, मीटरची मेमरी बघा. बघितली. सकाळी ११८, दुपारी जेवणाआधी १३०, संध्याकाळी ९०, कधी ६०. सगळं खरं. खोटं कुणीच बोलत नाही. मग १०.८ आले कुठून?

"बोटाला दोनदा टोचतो, त्याच्या मधे काय होतं ते आपल्याला दिसत नाही."

हॉस्पिटलात नवीन मशीन आलंय. एकच आहे. तीन दिवस अंगावर लावून ठेवायचं, दर पाच मिनिटांनी आतल्या आत साखर मोजतं. आपला नंबर गुरुवारी.

येताना गाडीत जुई खिडकीबाहेर बघत. "भूक लागली?" "नो." "टेन्शन आलं?" "नो, बाबा." चौदा वर्षांची आहे. वैजू, तिची आई, गेल्यापासून सगळी उत्तरं एवढीच.

सोम. १३ जाने.

चारूचा सांगलीहून फोन. वैजूची धाकटी बहीण, दर सोमवारी करते. रिपोर्ट सांगितला. रडली, मग नेहमीचं. "भाऊजी, जुईला इकडे पाठवा. तुम्ही सकाळी सहाला जबल अलीला कामाला जाता ते संध्याकाळी उगवता. पोरीचं बघणार कोण?"

आजवर काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. आज १०.८ पुढे काही सुचलं नाही. म्हटलं, मार्चमध्ये परीक्षा होऊ दे. एप्रिलमध्ये पाठवतो.

"नक्की?"

"नक्की."

आणि ठेवताना तेही नेहमीचंच. "भर दुपारी ताई ऊद मेथाला कशाला गेली होती हो?" सप्टेंबरपासून विचारतेय. तिथे जुईच्या शाळेत फी भरायला गेली असणार, असं मी सांगतो. पोलिसांच्या कागदात रस्ता ओलांडताना गाडीचा धक्का, एवढंच आहे. फीची पावती सापडली नाही. भरायच्या आधीच झालं असेल.

जुईला एप्रिलचं सांगितलं. टीव्ही बघत होती. "ओके," म्हणाली. पुढे काही विचारेल म्हणून मी तिथेच उभा होतो.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. लक्षात नव्हतं. समोरच्या शमीमभाभी डबा घेऊन आल्या. मूळच्या दापोलीकडच्या, पण इथे आखातात, मनखूलच्या या बिल्डिंगमध्ये, आमच्याही आधीपासून. "भाऊ, वैजूताई दरवर्षी तिळगूळ द्यायच्या. म्हटलं यंदा मी करून बघते. जरा कडक झालेत." खरंच कडक होते. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर खाल्ले.

त्या गेल्यावर जुईनं विचारलं, "बाबा, हाऊ मेनी ग्रॅम्स कार्ब्ज?" मला येईना. वैजू लाडू हातात घेऊन सांगायची. मी आठ म्हटलं. जुई म्हणाली दहा. मग नऊ धरून इन्सुलिन घेतलं.

गुरु. १६ जाने.

शाळेला गुरु.-शुक्र. सुट्टी, म्हणून आजच बसवलं. पोटाच्या उजव्या बाजूला सुई, सुईतून केसाएवढी तार आत, वर चिकटपट्टी, बाहेर वायर, वायरच्या टोकाला पेजरएवढा डबा. तो कमरेला. आंघोळीला पिशवीत घालायचा.

नर्सनं शिकवलं. बोटाला टोचणं चालूच, दिवसातून चारदा, तो आकडा डब्यात भरायचा. जेवण झालं की एक बटण, इन्सुलिन घेतलं की दुसरं, खेळली की तिसरं. साखर मात्र डब्यावर दिसत नाही. ती तीन दिवसांनी कॉम्प्युटरला जोडल्यावर.

"सो इट नोज अँड आय डोन्ट," जुई म्हणाली. नर्स हसली. आपल्याला चार महिन्यांनी तिचं एवढं लांब वाक्य ऐकायला मिळालं.

शुक्र. १७ जाने.

घरी. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडी. भात वैजूच्या वाटीनं मोजून, दोन वाट्या. जेवणाआधी मी इन्सुलिन दिलं. शुक्रवारी दुपारचं मी देतो, ती दंड पुढे करते आणि भिंतीकडे बघते. शाळेच्या दिवशी दुपारचं स्वतः घेते. अकरा वर्षांची झाल्यापासून. वैजूनंच सांगितलं होतं तेव्हा, "आता घेते हो ती आपलं आपण." मी गणपतीत सगळ्या मंडळींना सांगत सुटलो होतो.

दिवसभर डब्याची बटणं दाबताना तिला मजा वाटली असावी. जेवण, इन्सुलिन, जेवण, इन्सुलिन. संध्याकाळी १०४. सुंदर.

वैजूचं कपाट अजून तसंच. आज उघडलं, परत लावलं.

शनि. १८ जाने.

शाळा सुरू. साडेतीनला ऑफिसातून घरी फोन. जेवणाआधी किती होती? "वन थर्टी-फोर." घेतलंस ना? "हं."

मी घरी पोचलो तर सोफ्यावर घामेजलेली, ओठ पांढरे. टोचलं. ५८. मँगो ज्यूसचा छोटा डबा, मग बिस्किटं. पंधरा मिनिटांत ठीक. गेल्या महिन्यापासून आठवड्यात दोन-तीनदा होतंय हे. म्हणून मी रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन कमी करत आणलंय. आजही दोन युनिट कमी दिलं. साखर इतकी खाली जाते तर सरासरी वर कशी, हे काही डोक्यात शिरत नाही.

मंगळ. २१ जाने.

परवा मशीन काढलं, आज आलेख मिळाला. वाईट दिवस. नीट लिहून ठेवतो.

कागदावर तीन रेघा, दर दिवसाची वेगळ्या रंगाची. डॉक्टरांनी आधी शुक्रवारची दाखवली. हिरवी. सकाळी थोडी वर, दुपारी थोडी वर, रात्री थोडी वर. जवळजवळ सपाट. "हे तुमच्या घरचं," म्हणाल्या. मला बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू.

मग शनिवारची, लाल. सकाळी ठीक. शाळेतल्या मोठ्या सुट्टीपर्यंत ठीक. तिथून सरळ वर. २००, २८०, ३४०. तिथेच राहते. घरी आल्यावर साडेतीनच्या पुढे खाली कोसळते, थेट ५८ वर. रविवारची निळी रेघ लालवर ठेवल्यासारखी. मशीन काढेपर्यंत तसाच चढ.

डॉक्टरांनी पेनाचं टोक चढाच्या पायथ्याशी ठेवलं. "इथे जेवणाचं बटण दाबलंय. इन्सुलिनचं नाही. शुक्रवारी दोन्ही आहेत." मग जुईकडे बघून, अगदी हळू, लाडानं, "हबीबती, दुपारचं घेतेस का?"

जुई बोटावरची पट्टी सोलत होती. "आय फर्गेट."

"रोज?"

जुईनं पट्टीची गुंडाळी केली. डॉक्टरांनी ताणलं नाही. मला समजावलं. दुपारी घेत नाही, म्हणून साखर चढते. घरी येते तेव्हा त्रास होत असणार, डोकं दुखत असणार, मग एकदम जास्त घेते. म्हणून संध्याकाळी कोसळते. बोटाला टोचतो त्या वेळा नेमक्या चढाच्या आधीच्या आणि नंतरच्या. मीटरला डोंगर दिसलाच नाही, दोन्हीकडचा पायथा दिसला. आणि मी रात्रीचं कमी करत होतो, ते उलटंच. ते परत पूर्वीएवढं करायचं.

बटण दाबायला काय लागतं? न घेताच दाबू शकली असती. दाबलं नाही.

बुध. २२ जाने.

सकाळी चुकलो. तिच्या डोक्यात काय आहे ते बघायचं सोडून मी माझा तर्क लढवला. म्हटलं, कँटीनमध्ये समोसे-बिमोसे खातेस, म्हणून घ्यायला लाज वाटते का, खरं सांग. आलेख समोर टेबलावर.

तिनं तो उचलला, घडी घातली, माझ्यासमोर ठेवला. "इट्स आईज पोळी, बाबा. द सेम टिफिन. तूच करतोस."

आईची पोळी म्हणाली. आईसारखी मला जमत नाही. बसला निघून गेली.

शनि. २५ जाने.

शाळेत गेलो. ऑफिसला सांगितलं, डॉक्टरांकडे जायचंय.

शाळेची नर्स मल्याळी आहे, सगळे सिस्टरच म्हणतात. आजारी मुलांच्या खोलीत बसलो. दोन खाटा, फ्रिज, वजनाचा काटा. मी म्हटलं, जुई दुपारचं इन्सुलिन घेत नाहीये, तुम्ही जरा लक्ष द्याल का? सिस्टर गोंधळल्या. "सर, ती म्हणाली पापांनी इन्सुलिनचं पेन आणलंय, ती वर्गातच घेते. इकडे येतच नाही आता." पेन मी आणलंय खरं, ऑक्टोबरमध्ये. म्हटलं, आधी तरी इथे येऊन स्वतः घ्यायची ना?

"स्वतः? नाही सर. मॅडम यायच्या ना."

"कोण मॅडम?"

"तिची मम्मी. रोज. मोठ्या सुट्टीत. देऊन जायच्या."

मला वाटतं मी हसलो. सिस्टरना वाटलं मला माहीत आहे आणि मी विसरलोय. आठवण करून देऊ लागल्या. मॅडम उन्हात यायच्या, इथे खुर्चीवर बसायच्या, पाणी प्यायच्या. मुलगी डबा खाईपर्यंत थांबायच्या. गप्पा मारायच्या दोघी, हसायच्या. तीन वर्षं.

मग सिस्टरनी आवाज खाली केला. "त्या दिवशीही जुई इथेच बसली होती. पूर्ण सुट्टी. त्या खाटेवर."

फी भरायला गेली नव्हती.

बाहेर येऊन गाडीत बसलो. शाळा सुटेपर्यंत तिथेच. पुढे काय केलं आठवत नाही, ए.सी. लावला होता एवढं आठवतं.

शनि., नंतर

जुई गेटमधून आली, गाडी दिसली आणि थांबली. बसमध्ये जायचं सोडून दार उघडून बसली. माझं तोंड बघूनच कळलं असणार. मी एवढंच म्हटलं, "सिस्टरशी बोललो."

तिनं दप्तर मांडीवर घेतलं. मग बोलू लागली. मी मधे बोललो नाही. आठवतं तसं लिहितो.

घरी आईसमोर ती टोचून घेऊ शकायची. शाळेत हातच हलायचा नाही. मी गणपतीत सगळ्यांना सांगितलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून आईला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही. आई म्हणाली, थोडे दिवस येते, मग सवय होईल. थोडे दिवस, मग अजून थोडे. "दॅट वॉज अवर टाइम, बाबा." मग सवय व्हावी असं दोघींनाही वाटेनासं झालं असावं. हे मी म्हणतोय, ती नाही म्हणाली.

त्या दिवशी आई आली नाही. "आय वॉज सो अँग्री. आय टोल्ड सिस्टर, माय मदर इज ऑल्वेज लेट." मग म्हणाली, "शी वॉज नेव्हर लेट. नॉट वन्स."

घंटा झाली. इन्सुलिन न घेताच डबा खाल्ला, रागात. आई आल्यावर तिला सांगायचं होतं, बघ, तुझ्यामुळे. दोन तास गेले. मग शाळेच्या ऑफिसात बोलावलं.

मी म्हटलं, बाळा, मग आता पेन आहे, शाळेतून घरी आल्यावर तू स्वतः घेतेस, शाळेत का नाही?

"बिकॉज इफ आय कॅन टेक इट नाऊ..."

 शाळेच्या बस एकेक निघून गेल्या. वॉचमन येऊन बघून गेला.

"...देन आय कुड हॅव टेकन इट देन. ऑल द टाइम. शी डिडन्ट हॅव टु कम."

मी तिला जवळ घेतलं. गाडीत मधे गिअर, नीट घेताही येत नाही. म्हटलं, तुझ्यामुळे नाही झालं. म्हटलं, गाडी चालवणाऱ्यानं बघितलं नाही. हजारदा म्हटलं. ऐकलं की नाही कळत नाही.

घरी टोचलं. ३६१.

सोम. २७ जाने.

चारूचा फोन. तिकिटाचं बघते म्हणाली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं. मग ते नेहमीचं. ताई तिकडे कशाला गेली होती?

"फी भरायला," मी म्हटलं.

आजपर्यंत माहीत नव्हतं म्हणून सांगत होतो.

मंगळ. २८ जाने.

ऑफिसमध्ये मॅनेजरशी बोललो. पॅलेस्टिनी आहे, स्वतःला चार मुली. सगळं नाही सांगितलं. मुलगी आजारी, दुपारी दोन तास बाहेर जावं लागेल म्हटलं. "यल्ला, जा. ईदपर्यंत बघू."

जबल अलीहून ऊद मेथा. शेख झायेद रोडवर ट्रकच ट्रक. पोचलो वेळेत. जुई त्या खोलीत यायला तयार नाही. गेटबाहेर गाडीत दिलं. दंड पुढे केला, डॅशबोर्डकडे बघत राहिली. मग डबा खाल्ला. मी समोर बघत बसलो. काय बोलायचं? वैजू काय बोलायची रोज?

"टेस्ट कशी झाली?" विचारलं. "फाइन."

उद्या काहीतरी वेगळं विचारायचं.

रवि. २ फेब्रु.

आज शमीमभाभींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? डोळ्यांना पदर लावला. माहीत होतं. "ताई म्हणायच्या, भाभी, हे माझं आणि पोरीचं. त्यांना कळलं तर म्हणतील लाडावून ठेवतेस. मी काय बोलू भाऊ? मग त्या गेल्या. तुम्हाला काय सांगायचं, कुठल्या तोंडानं?"

राग आला. त्यांच्यावर नाही. वैजूवर आला. एवढी वर्षं एका घरात, आणि दुपारी मी फोन केला की उचलायची नाही. मी समजायचो बाजारात असेल. रात्री विचारलं तर, "हो, जरा बाहेर पडले होते." मी पेपर वाचत असायचो.

भांडायचंय तिच्याशी. एकदा, नीट, दार लावून. कुठे भांडू?

शनि. ८ फेब्रु.

दुपारच्या साखरा छान. जेवणानंतर दोन तासांनी १६०, १५२. संध्याकाळचं कोसळणं बंद. डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले, खूश झाल्या.

गाडीतल्या गप्पा सुधारतायत. आज तिनं आपणहून सांगितलं, आई तिला वर्गातल्या मुलींची टोपणनावं विचारायची आणि सगळी लक्षात ठेवायची. एक 'टिश्यू' आहे, सारखी रडते म्हणून. एक 'फोटोकॉपी'. मी हसलो. तीही हसली, मग लगेच बंद.

वाटलं, असंच चालू ठेवावं. एप्रिल-बिप्रिल राहू दे. चारूला अजून काही बोललो नाही.

मंगळ. १८ फेब्रु.

ईदची सुट्टी संपून शनिवारपासून परत जाणं सुरू केलं. मॅनेजर आता घड्याळ बघतो, पण बोलत नाही.

आज जबल अलीच्या बाहेरच ट्रक उलटलेला, रस्ता बंद. अडकलो. मोबाइल होता, पण जुईकडे कुठे आहे? पोचलो तेव्हा सुट्टी संपून गेली होती. वॉचमनला सांगून तिला बोलावलं.

आली ती भिंतीला धरून. चेहरा पांढरा. मला वाटलं साखर खाली गेली, ज्यूस काढला. टोचलं तर १९०. साखर नव्हती ती.

माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि सोडेचना. "डोन्ट कम एनी मोअर. प्लीज. आय विल डू इट. यू डोन्ट कम."

म्हणजे रोज दुपारी ती काय करत होती ते मला आज कळलं. मी गप्पांना बरं म्हणत होतो. ती मी पोचेपर्यंत गेटकडे बघत उभी असायची.

शनि. २२ फेब्रु.

डॉ. हालांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी मशीन परत मिळवलं. आज सकाळी लावलं, मंगळवारपर्यंत. सगळे शाळेचे दिवस. म्हणाल्या, पकडण्यासाठी नाही लावत. तिला एकटीला जमतंय का, किती जमतंय, ते बघू या. जमलं नाही तरी रागवायचं नाही.

मी दुपारी गेलो नाही. ऑफिसात टेबलाशी बसलो. कंटेनरचे कागद समोर. मोठ्या सुट्टीच्या वेळी काहीच वाचता आलं नाही. घरी फोन केला तेव्हा घेतलंस का विचारलं नाही. पोचलीस का, एवढंच.

"पोचले," म्हणाली. मराठीत. का कोण जाणे.

बुध. २६ फेब्रु.

आलेख.

शनिवार: चढ. ३२०. रविवार: चढ, तसाच. मला डॉक्टरांकडे बघवेना. जुई खाली बघत.

सोमवार. पायथ्यापासून रेघ तशीच निघते, १८०, २३०, २६० पर्यंत जाते. आणि तिथे, वर जायचं सोडून, वाकते. हळूहळू खाली. घरी पोचायच्या वेळेला १७०. नंतर कोसळणं नाही. इन्सुलिनच्या बटणाची खूण आहे, जेवणानंतर बऱ्याच वेळानं.

"इथे काय झालं?" डॉक्टर.

"आय टुक इट. लेट."

"कुठे?"

"इन द सिकरूम." मग, "सिस्टर वॉज देअर. शी डिडन्ट डू एनीथिंग. शी जस्ट सॅट."

मंगळवारी मशीन लवकर काढलं, दुपारची रेघ अर्धीच. जाते वर, पुढे कागद कोरा. विचारलं नाही.

मी त्या वाकलेल्या जागेवर बोट ठेवून बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, एका दिवसावरून काही ठरवू नका. सरासरी एप्रिलमध्ये परत बघू. एप्रिल ऐकून जुईनं माझ्याकडे बघितलं.

शुक्र. २८ फेब्रु.

सकाळी चारूचा फोन, सोमवार नसताना. सीट मिळतेय, आजच पक्की करू का? म्हटलं, थांब दोन दिवस. "भाऊजी, पोरीच्या जिवाशी खेळू नका." ती चूक नाही. तिच्याकडे माणसं आहेत, शाळा गल्लीत आहे, दुपारी कुणीतरी घरी असतं. इथे मी आहे आणि चाळीस किलोमीटर रस्ता.

जुईला विचारलं, तुला काय वाटतं? "आय डोन्ट नो, बाबा." पहिल्यांदा ओके नाही म्हणाली.

दुपारी जेवायला बसलो. आमटी, भात, कोबी. मी इन्सुलिन द्यायला उठलो तर तिनं हात पुढे करून पेन घेतलं. दंडाला नाही, पोटाला, स्वतः. मला पाठ करून. मी भात वाढत राहिलो.

अर्धं जेवण झाल्यावर विचारलं. मराठीत, अडखळत.

"बाबा, आई त्या दिवशी जेवून निघाली होती?"

मला माहीत नाही. मी सकाळी सहाला बाहेर पडलो होतो. पोरीच्या वाटीतला भात ग्रॅममध्ये सांगू शकतो आता.

"तुझ्याकडून परत आल्यावर जेवायची, मला वाटतं," म्हटलं.

"म्हणजे नव्हती जेवली."

"माहीत नाही गं."

तिनं मान हलवली. आमटी भातात कालवत राहिली, बराच वेळ. मग माझ्या पानाकडे बघून म्हणाली, "तू जेव ना."